बेर्योज़ा आणि भूर्ज: स्लाव भाषांतल्या झाडाच्या नावाचा माग कसा काढायचा

रशियन भाषेत बर्चच्या झाडाला ‘बेर्योज़ा’ म्हणतात, संस्कृतात हिमालयातल्या बर्चला ‘भूर्ज’. कानाला पटत नसलं तरी दोन्ही शब्द एकाच आजीची नातवंडं आहेत. उलट रशियन ‘बोर’, म्हणजे पाइनचं जंगल, आणि आपलं चाखायचं ‘बोर’ अक्षरशः एकसारखे ऐकू येतात, पण त्यांचा काडीचाही संबंध नाही. आपलं बोर संस्कृत ‘बदर’मधून प्राकृतमार्गे आलं. रशियन ‘बोर’चे सगोत्र शब्द जुन्या इंग्रजीत ‘झाडांची राई’ या अर्थाने सापडतात. शब्द सारखे ऐकू येतात म्हणून नातं सिद्ध होत नाही. त्यांच्यातला फरक नियमाने पडत असेल तर होतं.

या लेखात बर्च हे एकच झाड शेवटपर्यंत धरून सगळ्या पायऱ्या दाखवल्या आहेत. बाकीच्या वनस्पती तोंडी लावण्यापुरत्या येतील. मराठी वाचकाला या कामात एक आयती सोय आहे: पूर्ण, दीर्घ, जीर्ण हे शब्द त्याला शिकवावे लागत नाहीत आणि पाचव्या पायरीवर नेमके तेच लागतात.

लिप्यंतराबद्दल आधी ठरवून घेऊ. इथे ‘ज़’ म्हणजे ‘जरा’मधल्या ज च्या जवळचा, पण पूर्ण घर्षक आवाज. ‘झ’ म्हणजे इंग्रजीत ‘टेलिव्हिजन’ म्हणताना येणारा आवाज, ‘झाड’मधला नव्हे. ज्या शब्दाच्या आधी तारा (*) आहे, तो कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, तुलनेतून उभा केलेला आहे. वहीत तुम्हीही हा तारा न विसरता घाला. तो गळला की पंधरा दिवसांनी पुनर्रचित रूप आणि प्रत्यक्ष सापडलेलं रूप यांची सरमिसळ होते आणि पुढचा सगळा हिशोब चुकतो.

पहिली पायरी: वनस्पती नक्की करा

शब्दाआधी झाड. युरोपात ‘बेर्योज़ा’ हे नाव मुख्यतः दोन जातींना लागतं: बेट्युला पेंड्युला आणि बेट्युला प्युबेसेन्स. भूर्ज म्हणजे बेट्युला युटिलिस. प्रजाती एकच, जाती वेगळ्या. इतकं जवळचं असेल तर अर्थाच्या बाजूने अडचण नाही.

सगळीकडे नशीब इतकं चांगलं नसतं. ‘यागोदा’ हा शब्द घ्या. रशियनमध्ये त्याचा अर्थ कुठलंही लहान रसाळ फळ, सर्बियनमध्ये स्ट्रॉबेरी, आणि पोलिशच्या बऱ्याच भागांत बिलबेरी. तिन्ही भाषांतून हा शब्द ‘स्ट्रॉबेरी’ म्हणून वहीत उतरवलात तर शब्द बरोबर आणि अर्थ चूक, अशी नोंद तयार होते. म्हणून प्रत्येक रूपासमोर शास्त्रीय नाव लिहा. ते मिळत नसेल तर निदान झाड, झुडूप की वेल, आणि कोणत्या प्रदेशातलं, एवढं तरी लिहा.

दुसरी पायरी: तिन्ही शाखांतून रूपं गोळा करा

स्लाव भाषांच्या तीन शाखा आहेत: पूर्व, पश्चिम, दक्षिण. प्रत्येकीतून किमान दोन रूपं हवीत. एकाच शाखेतली पाच रूपं गोळा करण्यात अर्थ नाही, ती एकमेकांचीच साक्ष देतात.

बर्चची यादी अशी होते. पूर्व शाखेत रशियन बेर्योज़ा, युक्रेनियन बेरेज़ा, बेलारूसी ब्यारोज़ा. पश्चिम शाखेत पोलिश ब्झोज़ा, चेक ब्र्झीज़ा, स्लोवाक ब्रेज़ा, आणि जर्मनीच्या पूर्व भागात बोलल्या जाणाऱ्या दोन सोर्बियन भाषांत ब्र्येज़ा आणि ब्र्याज़ा. दक्षिणेत स्लोव्हेनियन, क्रोएशियन, सर्बियन, बल्गेरियन, सगळीकडे ब्रेज़ा.

पोलिश रूप लिहिताना जपून. स्पेलिंगमध्ये ‘र’ आणि ‘ज़’ अशी दोन अक्षरं शेजारी असतात, पण उच्चार एकच, ‘झ’. व्युत्पत्तीसाठी उच्चारापेक्षा स्पेलिंग मोलाचं आहे, कारण तिथे एके काळी मऊ, म्हणजे ‘य’ची छटा असलेला ‘र’ होता हे फक्त स्पेलिंगच सांगतं. वहीत दोन्ही लिहा. नुसता उच्चार उतरवला तर ‘र’ गेला कुठे, असा खोटा प्रश्न उभा राहतो आणि त्याच्यामागे एक संध्याकाळ जाते.

आणखी एक सवय लावून घ्या. नुसतं मूळ नाव घेऊ नका, त्यापासून बनलेले शब्दही घ्या. पोलिशमध्ये झाड ‘ब्झोज़ा’ आहे, पण बर्चची राई ‘ब्झेज़िना’. एका ठिकाणी ओ, दुसऱ्या ठिकाणी ए. हा फरक पुढच्या पायरीवर कामाला येतो.

तिसरी पायरी: ध्वनिनियम लावून आदिस्लाव रूप काढा

यादी नीट बघा. पूर्वेकडे ‘बेरे–’, म्हणजे र च्या दोन्ही बाजूंना स्वर. दक्षिणेत आणि पश्चिमेत ‘ब्रे–’, म्हणजे स्वर फक्त र नंतर. हा योगायोग आहे की नियम? तपासायचं कसं, तर अशाच बांधणीचा दुसरा शब्द घ्यायचा, ज्याचा झाडाशी संबंध नाही. ‘काठ, किनारा’ या अर्थाचा शब्द रशियनमध्ये बेरेग, पोलिशमध्ये ब्झेग, चेकमध्ये ब्र्झेह, सर्बियनमध्ये ब्रेग (तिथे अर्थ टेकडी). तीच घडी. दोन शब्दांवर थांबू नका, चार-पाच तरी जमवा. ‘दूध’ घ्या, रशियन मोलोको, पोलिश म्लेको: तिथे र ऐवजी ल आहे, पण स्वराची चाल तीच.

यातून नियम निघतो. आदिस्लाव भाषेत, म्हणजे सगळ्या स्लाव भाषांच्या समाईक पूर्वज भाषेत, व्यंजन + ए + र + व्यंजन अशी बांधणी होती. बंद, म्हणजे व्यंजनावर संपणारं अक्षर टाळण्याच्या ओढीने प्रत्येक शाखेने आपापला मार्ग काढला. पूर्वेने र नंतर आणखी एक स्वर घातला. दक्षिणेने आणि बहुतेक पश्चिमेने स्वर आणि र यांची अदलाबदल केली. म्हणजे मूळ रूप *बेर्ज़ा.

उरलेले बारकावे एकेक करून संपवा, कारण न सुटलेला एक स्वरही सगळ्या मांडणीवर शंका आणतो.

रशियनमध्ये ‘रे’ ऐवजी ‘र्यो’ का? आघात असलेला ए कठोर (इथे अर्थ: मऊ नसलेल्या) व्यंजनाआधी ओ झाला म्हणून. युक्रेनियनमध्ये हा बदल या जागी झाला नाही, त्यामुळे तिथे ‘बेरेज़ा’च राहिलं.

पोलिशमधला ओ वेगळ्या कारणाने आला. तिथे कठोर दंत्य व्यंजनाआधी ए चा ओ झाला, आघात असो वा नसो. ‘ब्झेज़िना’मध्ये ज़ मऊ आहे, म्हणून तिथे जुना ए टिकला. रशियन आणि पोलिश दोघांकडे ओ दिसतो म्हणून तो समाईक वारसा आहे असं मानणं ही नवख्यांची ठरलेली चूक आहे. दोन भाषांनी दोन नियमांनी तो स्वतंत्रपणे मिळवला.

चेकमधला दीर्घ ई मात्र बाजूला ठेवा. त्याचं काम सहाव्या पायरीवर आहे.

चौथी पायरी: शेजारच्या बाल्टिक भाषांना विचारा

स्लाव भाषांना सगळ्यात जवळच्या भाषा म्हणजे लिथुआनियन, लाटवियन आणि अठराव्या शतकापर्यंत नामशेष झालेली जुनी प्रशियन. लिथुआनियनमध्ये बर्च ‘बेर्झस’, जुन्या प्रशियनमध्ये ‘बेर्से’. या भाषांत स्वर आणि र यांची अदलाबदल झालीच नाही, त्यामुळे तिसऱ्या पायरीवर काढलेली ‘बेर्–’ ही बांधणी इथे जिवंत उभी दिसते. पुनर्रचना बरोबर आल्याची ही पहिली बाहेरची साक्ष.

लिंग बदललेलं आहे: लिथुआनियन शब्द पुल्लिंगी, स्लाव शब्द स्त्रीलिंगी. घाबरू नका. झाडांच्या नावांत प्रत्यय आणि लिंग सहज बदलतात, धातू टिकतो.

जास्त महत्त्वाचं म्हणजे लिथुआनियन ‘झ’ समोर स्लाव ‘ज़’. याची तपासणी पुन्हा दुसऱ्या शब्दावर करा. ‘जाणणे’ याला रशियन ‘ज़्नात्य’, लिथुआनियन ‘झिनोती’, संस्कृत ‘जानाति’. म्हणजे आदि-इंडो-युरोपीय भाषेतला (या सगळ्या भाषांच्या पुनर्रचित पूर्वजातला) तालव्य ग स्लावमध्ये ज़, लिथुआनियनमध्ये झ आणि संस्कृतात ज होतो.

इथे संस्कृतच्या बाजूला एक खड्डा आहे. संस्कृत ज दोन उगमांतून येतो: एक या तालव्य ग मधून, दुसरा साध्या किंवा ओष्ठ्य ग पुढे इ-ए सारखा स्वर आल्यामुळे. ‘जीव’मधला ज दुसऱ्या प्रकारचा आहे. तिथे लिथुआनियन रूप ‘गीवस’ आहे आणि रशियन ‘झिवोय’. नुसत्या संस्कृत ज वरून निकाल देता येत नाही. समोर लिथुआनियन झ आहे की ग, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘भूर्ज’च्या बाबतीत समोर ‘बेर्झस’ आहे, म्हणून ज पहिल्या प्रकारचा.

पाचवी पायरी: संस्कृतपर्यंत जा, पण दीर्घ ऊ चा हिशोब द्या

आता ब समोर भ. स्लाव आणि बाल्टिक भाषांत महाप्राण गळाले, त्यामुळे भ चा ब झाला: भ्राता, रशियन ‘ब्रात’. भरति, रशियन ‘बेरू’ (घेतो). ब–भ, र–र, ज़–ज जुळलं. उरला ऊ. स्लावमध्ये ए, संस्कृतात ऊ, तोही दीर्घ. इथे हात झटकून ‘स्वर बदलतात’ असं म्हणणारा माणूस व्युत्पत्ती करत नाही, अंदाज करतो.

उत्तर दोन टप्प्यांत येतं. पहिलं, एकाच धातूची गुणयुक्त आणि स्वरहीन अशी दोन रूपं असतात, जसं संस्कृतात ‘भरति’ आणि ‘भृत’. स्लाव शब्द एकार असलेल्या रूपावर उभा आहे, संस्कृत शब्द स्वरहीन रूपावर. त्यामुळे संस्कृतात ‘भृज–’ सारखं काही अपेक्षित होतं. मग ऋ ऐवजी ऊर् का? कारण र नंतर आणखी एक ध्वनी होता, जो पुढे बहुतेक शाखांत लोपला. भाषाशास्त्रात त्याला लॅरिंजियल म्हणतात. स्वरहीन र किंवा ल नंतर हा ध्वनी आला की संस्कृतात दीर्घ स्वर + र होतो: साधारणतः ईर्, आणि आधी ओष्ठ्य व्यंजन असेल तर ऊर्.

उदाहरणं तुमच्या तोंडात आहेतच. पूर्ण: समोर रशियन ‘पोल्नी’, लिथुआनियन ‘पिल्नस’. दीर्घ: समोर रशियन ‘दोल्गी’, लिथुआनियन ‘इल्गस’. जीर्ण: त्याच बांधणीचा रशियन ‘ज़ेर्नो’ (दाणा) आणि लिथुआनियन ‘झिर्निस’ (वाटाणा). ‘पूर्ण’मध्ये प ओष्ठ्य, म्हणून ऊर्. ‘दीर्घ’, ‘जीर्ण’मध्ये ओष्ठ्य नाही, म्हणून ईर्. भूर्जात भ ओष्ठ्य आहे. ऊर् यायलाच हवा होता. जो स्वर सुरुवातीला अडचण वाटत होता तोच आता सर्वात पक्का पुरावा ठरतो, कारण असा तपशील योगायोगाने जुळत नाही.

मराठीतला ‘भूर्ज’ हा तत्सम, म्हणजे पोथीतून आलेला शब्द आहे. सह्याद्रीत बर्च उगवत नाही, त्यामुळे बोलीतून झिजत आलेलं रूप आपल्याकडे नाही. हिंदीतला ‘भोजपत्र’ मात्र झिजलेला आहे. इंडो-आर्य बाजूच्या अशा रूपांसाठी टर्नर यांचा १९६६चा तुलनात्मक कोश उघडा. तो संस्कृत रूपाखाली सगळ्या अर्वाचीन भाषांतली रूपं एकत्र देतो.

सहावी पायरी: आघाताने उलटतपासणी

ही पायरी बहुतेक जण सोडतात. बर्चच्या बाबतीत ती सोडणं म्हणजे हातातला दुसरा साक्षीदार घालवणं, कारण लोपलेल्या लॅरिंजियलने स्लाव भाषांतही खूण ठेवली आहे, ती अक्षरांत नसून आघातात आहे.

पूर्व शाखेत र च्या दोन्ही बाजूंना स्वर आले, हे आपण पाहिलं. आघात त्यांतल्या कोणत्या स्वरावर पडतो ते बघा. ‘बेर्योज़ा’मध्ये दुसऱ्यावर. ‘बेरेग’मध्ये पहिल्यावर. अशीच जोडी: ‘वोरोना’ (कावळा) दुसऱ्यावर, ‘वोरोन’ (डोमकावळा) पहिल्यावर. दुसऱ्या स्वरावरचा आघात जुन्या चढत्या स्वराघाताची खूण आहे, आणि लॅरिंजियल हा त्या स्वराघाताचा एक मुख्य उगम.

चेकमध्ये आघात नेहमी पहिल्या अक्षरावर असतो, म्हणून तिथे तो कामाचा नाही. पण तिथे हाच फरक स्वराच्या लांबीत उतरला: ‘ब्र्झीज़ा’ दीर्घ, ‘ब्र्झेह’ ऱ्हस्व. कावळ्याला चेकमध्ये ‘व्राना’, दीर्घ. तिसऱ्या पायरीवर बाजूला ठेवलेला ई इथे जागेवर बसला. लिथुआनियन ‘बेर्झस’मध्येही त्याच प्रकारचा आघात आहे.

म्हणजे भूर्जातला दीर्घ ऊ, रशियनमधला दुसऱ्या स्वरावरचा आघात आणि चेकमधला दीर्घ ई, तिन्ही एकाच हरवलेल्या ध्वनीची पावलं आहेत.

सातवी पायरी: अर्थाकडे आता वळा, आधी नाही

सर्वाधिक घोळ अर्थापासून सुरुवात केल्याने होतो. आवाजाचा हिशोब पूर्ण झाल्यावरच अर्थ.

या शब्दाच्या मुळाशी ‘चमकणे, उजळ असणे’ हा धातू मानतात. संस्कृत ‘भ्राजते’, गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतला ‘बैर्हत्स’ (उजळ), आणि पहाटेच्या उजेडासाठीचे पोलिश ‘ब्झास्क’सारखे शब्द त्याच घरातले. पांढऱ्या सालीच्या झाडाला हे नाव शोभतं. तरीही वहीत ‘बेर्योज़ा–भूर्ज सगोत्र’ यासमोर ‘निश्चित’ लिहा आणि ‘मूळ अर्थ उजळ’ यासमोर ‘संभाव्य’. दोन विधानांची ताकद वेगळी आहे. सगोत्रपणा नियमांवर उभा आहे, मूळ अर्थ समजुतीवर.

अर्थ सरकलेली रूपंही इथेच नोंदवा. लॅटिनमधला सगोत्र शब्द ‘फ्राक्सिनुस’ म्हणजे ॲश, बर्च नव्हे. इटलीच्या उबदार भागात बर्च दुर्मिळ, तेव्हा जुनं नाव दुसऱ्या झाडाला चिकटलं. ताजिकमध्ये ‘बुर्स’ म्हणजे जुनिपर. काकेशसमधल्या ओसेटिक भाषेत ‘बर्ज़’ मात्र बर्चच. लोक स्थलांतर करतात तेव्हा झाडं मागे राहतात आणि नावं सोबत जातात.

आठवी पायरी: शब्द उसना तर नाही?

बर्च वारशाने आलेला आहे हे ठरलं. प्रत्येक झाडाचं तसं नसतं. बीचला रशियनपासून बल्गेरियनपर्यंत ‘बुक’ म्हणतात. लॅटिन ‘फागुस’, जर्मन ‘बूखे’ पाहता हा मूळचाच शब्द वाटतो. पण नियम लावा. या धातूतही शेवटी तालव्य ग आहे, म्हणजे स्लावमध्ये ज़ हवा होता, आणि आधी आ: ‘बाज़’ सारखं काही. प्रत्यक्षात आहे क आणि उ. जर्मानिक भाषांत मात्र ग चा क झालेला आहे. निष्कर्ष: स्लाव लोकांनी हे नाव जर्मानिक शेजाऱ्यांकडून घेतलं. त्याच घराण्यातून ‘बुकी’ हे ब या अक्षराचं नाव आणि ‘बुक्वा’ (अक्षर) हे शब्द आले.

यातून एक प्रसिद्ध युक्तिवाद निघाला: बीचला स्वतःचं नाव नाही, म्हणजे स्लावांचं मूळ वसतिस्थान बीचच्या पूर्व सीमेपलीकडे, साधारण आजच्या कालिनिनग्राद ते ओडेसा या रेषेच्या पूर्वेला असावं. युक्तिवाद आकर्षक आहे, पण एकट्याने तो फार वजन पेलत नाही. झाडांच्या सीमा हवामानानुसार सरकतात, आणि स्वतःचं नाव असतानाही लोक शेजाऱ्याचं उचलतात. तो सोबतीच्या पुराव्यासारखा वापरा, पायासारखा नाही.

उसनेपणाची नजर तयार करायला बटाटा उत्तम. तो सोळाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात आला, म्हणजे त्याचं वारशाने आलेलं नाव असूच शकत नाही. परिणामी स्लाव भाषांत नियमित जुळणी औषधालाही नाही. रशियन ‘कार्तोफेल’ जर्मनमधून. सर्बियन ‘क्रोम्पिर’ जर्मन बोलीतल्या ‘भुईनाशपाती’ अशा अर्थाच्या शब्दावरून. चेक ‘ब्राम्बोर’ ब्रांडेनबुर्ग या प्रदेशाच्या चेक नावावरून. पोलिश ‘ज़्येम्न्याक’ ‘जमीन’ या अर्थाच्या शब्दापासून घरीच घडवलेला. बेलारूसी ‘बुल्बा’ कंदावरून. आपल्याकडे ‘बटाटा’ पोर्तुगीजांबरोबर आला, तीच गोष्ट. अशी विस्कटलेली यादी दिसली की सगोत्र रूप शोधत बसू नका. वनस्पती कधी, कुठून आणि कोणाबरोबर आली ते शोधा.

फसवा प्रकार सूर्यफुलाचा. रशियन ‘पोद्सोल्नेच्निक’, पोलिश ‘स्वोनेच्निक’, मराठी ‘सूर्यफूल’. आत ‘सोल्न्त्से’ आणि ‘सूर्य’ आहेत, आणि हे दोन शब्द खरोखर सगोत्र आहेत! तरी फुलाचं नाव समाईक नाही. सूर्यफूलही अमेरिकेचं. जुने तुकडे, नवी जोडणी, ठिकठिकाणी स्वतंत्रपणे.

नववी पायरी: शब्दाचा गोतावळा

मूळ शब्द लागला की त्याच्या भोवतीचे शब्द तपासा. इथे सामग्री भरपूर आहे आणि घसरण्याच्या जागाही.

रशियन ‘बेर्योस्ता’ म्हणजे बर्चची साल. पण युक्रेनियन ‘बेरेस्त’, पोलिश ‘ब्झोस्त’, सर्बियन ‘ब्रेस्त’ म्हणजे एल्म. म्हणून बेलारूसमधल्या ब्रेस्त शहराचं नाव कोणी ‘बर्चनगर’ असं सांगितलं तर मान डोलावू नका. एल्मही तितकाच दावेदार आहे.

२६ जुलै १९५१ रोजी रशियातल्या नोव्हगोरोदच्या उत्खननात बर्चच्या सालीवरचं पहिलं पत्र सापडलं. आता अशी हजाराहून जास्त पत्रं हाती आहेत. इकडे १८८१मध्ये पेशावरजवळ सापडलेलं बख्शाली गणितहस्तलिखित भूर्जपत्रावरच आहे. मराठी वाचकाचं मन लगेच उडी मारतं: शब्द एक, वापर एक, म्हणजे सालीवर लिहिण्याची परंपराही एकच. तसं नाही. नोव्हगोरोदमध्ये टोकदार लेखणीने साल कोरत, शाई जवळजवळ वापरत नसत. भारतात शाईनेच लिहीत. शब्द वारशाने आला, लिहिण्याची कल्पना दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचली. सोलली की पातळ पापुद्रे देणारं झाड समोर असल्यावर ती सुचणं साहजिकच.

महिन्यांची नावं घेताना हवामानाचा नकाशा जवळ ठेवा. युक्रेनियन ‘बेरेज़ेन’ म्हणजे मार्च, लिथुआनियन ‘बिर्झेलिस’ म्हणजे जून, दोन्ही बर्चवरून. चेक ‘ब्र्झेज़ेन’ (मार्च) बर्चचा असावा किंवा ‘गाभण’ या अर्थाच्या ‘ब्र्झेज़ी’चा, दोन्ही मतं आहेत. लिंडनच्या झाडाचं उदाहरण जास्त स्वच्छ आहे: पोलिश ‘लिप्येत्स’ आणि युक्रेनियन ‘लिपेन’ म्हणजे जुलै, पण क्रोएशियन ‘लिपान्य’ म्हणजे जून. दक्षिणेत लिंडन आधी फुलतो, इतकं साधं कारण.

दहावी पायरी: लोकव्युत्पत्ती गाळा

‘बेर्योज़ा’ हा शब्द रशियन ‘बेरेच्’ (जपणे, राखणे) यावरून आला, झाड माणसाला जपतं म्हणून, असं रशियात हौसेने सांगितलं जातं. ऐकायला गोड, पण तपासणी एका ओळीची: ‘बेरेच्’चा धातू ग वर संपतो (‘बेरेगू’, मी जपतो), बर्चचा ज़ वर. हा ज़ तालव्य ग मधून आलेला आहे हे लिथुआनियन झ ने ठरवून दिलं आहे. दोन्ही धातू वेगळे. कुठलीही सुंदर गोष्ट आधी याच चाळणीतून काढा: प्रत्येक व्यंजनाला उत्तर आहे का?

आपल्या बाजूनेही अशा चुका होतात. रशियन ‘देरेवो’ (झाड) संस्कृत ‘दारु’शी, म्हणजे ‘देवदार’मधल्या लाकडाशी खरोखर सगोत्र आहे. त्यात मराठी ‘दारू’ ओढू नका. ती फारसीतून उसनी आली आहे, संस्कृत ‘दारु’तून नाही.

कोश कोणते, आणि कसे उघडायचे

माक्स फास्मर यांचा रशियन व्युत्पत्तिकोश मुळात जर्मनमध्ये १९५०च्या दशकात निघाला. त्रुबाचोव यांनी भर घालून केलेला रशियन अनुवाद चार खंडांत आहे. सुरुवात इथून करा, कारण रशियन शब्द माहीत असला की नोंद सापडते. त्याची मर्यादा अशी की त्यात लॅरिंजियल नाहीत, त्यामुळे भूर्जातला दीर्घ ऊ तिथे समजणार नाही. त्रुबाचोव यांच्याच संपादनाखाली १९७४पासून निघू लागलेला स्लाव भाषांचा महाकोश आदिस्लाव रूपांनुसार लावलेला आहे. म्हणून तिसरी पायरी न करता तो उघडला तर शब्द सापडत नाही. *बेर्ज़ा पहिल्याच खंडात आहे. देर्क्सेन यांचा २००८चा कोश वारशाने आलेल्या शब्दांपुरताच आहे, पण शब्दांचे आघातवर्गही देतो. सहाव्या पायरीसाठी तोच. एखादी वनस्पती देर्क्सेनमध्ये नसेल, तर ती उसनी असल्याची शंका घ्या आणि आठव्या पायरीवर परत या.

वहीतली अखेरची नोंद अशी दिसावी: बेर्योज़ा, रशियन, स्त्रीलिंगी, बेट्युला. आदिस्लाव *बेर्ज़ा, आघात धातूवर स्थिर. लिथुआनियन बेर्झस, जुनी प्रशियन बेर्से, संस्कृत भूर्ज (स्वरहीन रूप), जर्मन बिर्के, लॅटिन फ्राक्सिनुस (अर्थ सरकलेला). वारशाने आलेला: निश्चित. मूळ अर्थ ‘उजळ’: संभाव्य. ‘बेरेच्’शी संबंध: नाही, व्यंजन जुळत नाही. शेवटची नकाराची ओळ आवर्जून लिहा, नाहीतर वर्षभराने तीच चूक पुन्हा नवी वाटते.

सरावासाठी पुढचं झाड सूचिपर्णी घ्या: पोलिश ‘योद्वा’ आणि चेक ‘येद्ले’ म्हणजे फर, सर्बियन ‘येला’ म्हणजेही फर, पण रशियन ‘येल्’ म्हणजे स्प्रूस. लिहिताना पोलिशमध्ये द च्या पुढे ल चंच एक रूप असतं, ते विसरू नका. द कुठे टिकला आणि कुठे गळला हे ‘साबण’ या शब्दावर तपासा: पोलिश ‘मिद्वो’, चेक ‘मीद्लो’, रशियन ‘मिलो’. मग लिथुआनियन ‘एग्ले’ आणि जुनी प्रशियन ‘अद्ले’ समोर ठेवून द मूळचा की ग, ते ठरवा. संस्कृतात या नावाचा सगोत्र शब्द नाही, तेव्हा तिकडे शोधत जाऊ नका. माग बाल्टिकपाशी थांबला की नोंद बंद करा.